उरलेला शब्द

थोरल्याने खुर्ची पुन्हा मागे ओढली. "इथे सावली आहे, अण्णा. तिकडे ऊन लागेल तुम्हाला," असं म्हणत त्याने वडिलांच्या गुडघ्यांवर टॉवेल पसरला, लहान मुलाला गुंडाळावं तशी त्याची कड मांडीखाली खोचली आणि तो आपल्या गळांकडे निघून गेला. तळ्याच्या काठाशी गळ ओळीने टेकवून ठेवले होते. थोरल्याचे, धाकट्याचे, एक सुनेचासुद्धा. अण्णांचा नव्हता.

"गाढवा," अण्णा म्हणाले.

पाण्यात डुंबणाऱ्या दोघी नाती खिदळल्या. थोरल्याने मागे न बघताच हसून हात हलवला.

मेंदूत रक्ताची गुठळी अडकली, तेव्हापासून अण्णांचा उजवा हात लोंबता राहिला होता आणि बोलणं गेलं होतं. गेलं म्हणजे डोक्यातून नव्हे. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, पण ओठांपर्यंत यायचा तो एकच शब्द. पाणी हवं असलं तरी गाढवा, पाय दुखला तरी गाढवा. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या बाईंनी सांगितलं, की शिव्या मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतात, हे चांगलं लक्षण आहे. झालं, घरच्यांना तेवढंच हवं होतं. अण्णा आपल्या घरी एकटेच राहायचे; थोरला भेटायला आलेला असताना नातेवाइकांचा फोन आला, की तो त्यांच्या तोंडाशी फोन धरायचा, ते तो शब्द म्हणायचे आणि पलीकडे हशा पिकायचा. जन्मभर पाणीपुरवठ्याच्या पंपांवर राबलेला हा माणूस. रात्रपाळीला त्याने एक हाक मारली, की मशीनच्या आवाजातूनही ती फाटकापर्यंत ऐकू जायची. आता त्याच्या रागाची घरात करमणूक झाली होती.

या तळ्यावर दर वर्षी आठवडाभर येण्याची सवय अण्णांनीच लावली. दोन्ही मुलांना गळ टाकायला त्यांनी इथेच शिकवलं. कार्पला उकडलेला मका, कॅटफिशला गांडूळ. कार्प लाजरा, त्याला वाट बघायला लावायची. कॅटफिश म्हणजे तळाचा मिशाळ दांडगट, तो संध्याकाळी उतरत्या उन्हात यायचा आणि एकदा आला की हाताला घाम फोडायचा. शिकवताना अण्णा ओरडायचे, टपल्या मारायचे, मग मासा लागला की मुलांपेक्षा मोठ्याने हसायचे. पकडलेला मासा हातात घेऊन बघायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा, हा त्यांचा नियम होता.

या वर्षी ते सावलीत बसले होते. धाकट्याने पहिल्या दिवशी एक गळ आणून त्यांच्या डाव्या हातात दिला होता, पण थोरला म्हणाला, "अरे, मासा लागला तर ते खुर्चीसकट जातील." धाकट्याने गळ काढून घेतला. धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा आणि भावाच्या पुढे कधी जायचा नाही. या सुट्टीत मात्र तो अण्णांभोवती घुटमळत होता. शेजारी येऊन बसायचा, घसा खाकरायचा, "अण्णा, एक बोलायचं होतं," म्हणायचा आणि मग हवेबद्दल काहीतरी बोलून उठून जायचा. अण्णांना वाटलं, याचं कुठे लग्नाचं जमलं असेल. मनातल्या मनात ते खूशही झाले.

काय बोलायचं होतं ते गुरुवारी कळलं, आणि तेही चुकून.

जेवणानंतर सगळे आडवे झाले होते. अण्णा काठी टेकत तळ्याकाठच्या भाड्याच्या बंगल्याच्या व्हरांड्यात आले, तर कोपऱ्यापलीकडून थोरल्याचा आवाज येत होता. तो फोनवर होता. छापखान्यात कामगारांशी बोलायचा तसाच, हळू आणि पक्का.

"कपाट जिन्यातून जात नसेल तर दारं काढा त्याची... नाही, पलंग नको, माझ्याकडे आहे त्यांच्यासाठी... शिलाई मशीन? भंगारात द्या, आता कोण वापरतंय... हो, शनिवारपर्यंत घर रिकामं पाहिजे. आम्ही रविवारी परत येतोय, ते थेट माझ्याकडेच येतील."

अण्णा भिंतीला धरून उभे राहिले. ते कपाट त्यांचं होतं. तो जिना त्यांचा होता. आणि ते मशीन बायकोचं होतं. तिला जाऊन चार वर्षं झाली तरी दर रविवारी अण्णा त्याला तेल घालायचे. हात गेल्यावर डाव्या हाताने घालायचे, निम्मं तेल फरशीवर सांडायचं. त्यांना इथे तळ्याकाठी सावलीत बसवून ठेवलं होतं, म्हणजे तिकडे माणसांना निवांत घर उपसता यावं.

ते कोपरा वळून थोरल्यासमोर गेले. सांगायचं खूप होतं. कोणाला विचारलंस? मी मेलो का? तुझ्या आईची वस्तू भंगारात टाकताना तुझी जीभ कशी झडली नाही?

"गाढवा," त्यांच्या तोंडून आलं.

थोरल्याने फोनवर हात ठेवला. "हो अण्णा, चहा ठेवायला सांगतो हं," तो प्रेमाने म्हणाला.

त्या दिवशी अण्णांनी चहाचा कप भिंतीवर फेकला. संध्याकाळचं ताट ढकलून दिलं. सुनेने कपाळाला हात लावून ताप आहे का बघितलं आणि डॉक्टरांना फोन करून विचारलं, की गोळ्यांनी असं होतं का. आपण शुद्धीवर आहोत म्हणून चिडलोय, हे या लोकांना कसं सांगावं? घराच्या दिशेने हात केला तर हे लोक त्यांना संडासाकडे नेत होते. धाकटा तेवढा लांब उभा राहून बघत होता. त्याला कळलं होतं. अण्णांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं, तेव्हा तो गळाचा गुंता सोडवण्याचं निमित्त करून निघून गेला. थोरल्यापेक्षा अण्णांना त्याचाच राग जास्त आला.

शुक्रवारी उन्हं कलताना थोरल्याच्या गळाला कॅटफिश लागला. रीळ करकरत सुटलं आणि सगळे काठाकडे धावले. थोरला चांगला खेळला, हे रागातही अण्णांना दिसत होतं. दोरा सैल सोडायचा, पुन्हा ओढून घ्यायचा, घाई करायची नाही. धाकट्याने गुडघाभर पाण्यात उतरून मासा जाळ्यात घेतला. नातींपैकी धाकटीच्या उंचीचं ते जनावर होतं, काळपट, बुळबुळीत, रुंद तोंडाचं, आणि त्याच्या मिशा हळूहळू हलत होत्या.

"अण्णांबरोबर फोटो," थोरला धापा टाकत म्हणाला. "दर वर्षी असतो तसा."

खुर्ची उचलून पाण्याच्या अगदी कडेला आणली. आता ऊन लागत नव्हतं वाटतं. ओल्या गोणपाटावरचा मासा दोघा भावांनी उचलून अण्णांच्या मांडीवर आडवा ठेवला. थंडगार वजन. सून मोबाईल घेऊन मागेपुढे होऊ लागली. उजेड मागून येतोय म्हणाली, मग नातींना बोलावलं, मग थोरल्याला केस नीट करायचे होते.

"अण्णा, हसा की जरा."

माशाचे कल्ले उघडत होते, मिटत होते. प्रत्येक वेळी जरा जास्त उघडत होते. तोंड हलत होतं आणि त्यातून काही येत नव्हतं. अण्णांनी डावा हात त्याच्या गळ्याखाली घातला. सगळे हसत होते, कोणी तरी "एक मिनिट, एक मिनिट" म्हणत होतं. अण्णांनी पाय रोवले आणि अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावून स्वतःला पुढे लोटलं.

खुर्ची, माणूस आणि मासा, तिघेही पाण्यात गेले. माशाने शेपटीचा एक तडाखा दिला आणि तो गढूळ पाण्यात दिसेनासा झाला. नाती किंचाळल्या. दोघे भाऊ धावले, पण कंबरभर पाण्यात बसलेल्या अण्णांनी डाव्या हाताने थोरल्याचा हात असा झिडकारला, की तो मागे पडता पडता वाचला.

"अण्णा, वेडेपणा करू नका. उठा."

अण्णांचं तोंड उघडलं. मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा फुगल्या. सगळे नेहमीच्या शब्दाची वाट बघत होते.

"माझं," अण्णा म्हणाले.

सुनेने मोबाईल खाली घेतला.

"माझं... घर."

थोरल्याचा चेहरा उतरला आणि मग लालबुंद झाला. "तुम्ही दोनदा गॅस चालू ठेवून झोपलात, अण्णा," तो म्हणाला. "दोनदा. शेजाऱ्यांनी दार फोडलं. मी काय करायचं होतं?"

हे खरं होतं. अण्णांना ते ठाऊक होतं, त्या भीतीने ते स्वतःही कितीदा अंथरुणातून उठून शेगडी चाचपून बघत. त्यांना समोर बसवून विचारलं असतं, तर कदाचित त्यांनी मान डोलावलीही असती. पण विचारलं नव्हतं. त्यांनी पाण्यावर हात आपटला, पुन्हा आपटला.

"मी म्हटलं होतं, त्यांना सांगूया," धाकटा पुटपुटला.

"तू म्हटलं होतंस?" थोरला त्याच्यावर उलटला. "आल्या दिवसापासून 'उद्या सांगतो, उद्या सांगतो' कोण म्हणत होतं? सगळं मीच करायचं आणि वाईटही मीच व्हायचं!"

धाकटा पाण्यात उतरला, अण्णांच्या शेजारी बसला, आणि अण्णांनी स्वतः त्याच्या खांद्याला धरेपर्यंत बसून राहिला.

शनिवारी सकाळी, बाकीच्यांच्या आधी, धाकटा त्यांना गाडीतून घरी घेऊन गेला. वाटेत त्याने फोन करून पाहिले. कपाट थोरल्याच्या घरी पोचलं होतं. मशीन आदल्याच दिवशी गेलं होतं, आणि भंगारवाल्याकडूनही ते पुढे गेलं होतं.

घर उघडंच होतं. माणसं काम संपवून, कुलूप-किल्ली कडीला अडकवून गेली होती. भिंतींवर कपाटाच्या आणि तसबिरींच्या आकाराचे उजळ चौकोन उरले होते. खिडकीखाली, मशीन असायचं तिथे, फरशीवर तेलाचा काळा डाग होता. अण्णा त्याच्यापाशी बराच वेळ उभे राहिले. धाकटा रडत होता. अण्णांनी त्याची समजूत घातली नाही.

मग ते खिडक्या लावू लागले. स्वयंपाकघराची, मग न्हाणीघराची, मग बाहेरच्या खोलीची. शेवटच्या खिडकीची कडी डाव्या हाताला वळेना. धाकटा पुढे झाला. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो होता तिथेच थांबला. बऱ्याच खटपटीने कडी बसली.

बाहेर येऊन त्यांनी दार ओढून घेतलं. किल्ली उलटी लागली, मग सुलटी लागली. कुलूप बसल्यावर त्यांनी ते खाली ओढून पाहिलं, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिलं. मग किल्ली खिशात टाकली आणि कठड्याला धरून ते जिना उतरू लागले.