तिसऱ्या वेळचं ‘सोड’

अठरा वर्षं मी ताईंना छळलं. त्यांचं मनगट पिरगाळलं, त्यांना भिंतीवर ढकललं, थोबाडीत मारली, दोनदा तर जिन्यावरून लोटून दिलं. एवढं करूनही त्यांच्या अंगाला माझं बोट कधी लागलं नाही. आम्ही दोघं डबिंगचे कलाकार. आशियातल्या तीन-चार देशांतून मालिका यायच्या, त्यांतल्या नायिकेला ताई आवाज द्यायच्या आणि नायकाला मी. आवाज खर्जातला म्हणून नायक माझ्या वाट्याला आले, नाहीतर मी मुंगीलासुद्धा वाट देऊन चालणारा माणूस. माइकसमोर उभं राहण्याआधी मिठाच्या गरम पाण्याने गुळण्या करायचो, त्यामुळे स्टुडिओत माझं नाव पडलं होतं गुळणीबुवा. आमचे दिग्दर्शक पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून ते मास्तर. ताई मात्र सगळ्यांच्याच ताई.

मालिकांच्या गोष्टी वेगवेगळ्या असल्या तरी एक प्रसंग प्रत्येकीत असायचाच. नायिका रागावून निघते, नायक मागून येऊन तिचं मनगट धरतो, तिला भिंतीशी दाबतो. ती तीनदा ‘सोड’ म्हणते. तिसऱ्यांदा म्हणता म्हणता तिचा हात सैल पडतो आणि बासरी सुरू होते. यानंतर मूळ मालिकेत चुंबन असायचं. आमच्याकडे येईपर्यंत वाहिनीवाल्यांनी ते कापलेलं असायचं. ओठ जवळ यायचे आणि एकदम खिडकीचा पडदा हलताना दिसायचा. थप्पड मात्र अख्खी यायची, एकदा समोरून, एकदा बाजूने आणि एकदा अगदी हळू. ताई म्हणायच्या, “प्रेम केलं की कात्री, मारलं की तीन कॅमेरे.” आम्ही हसायचो.

त्या तीन ‘सोड’चा मास्तरांनी जणू पाठच बसवला होता. पहिलं रागाचं, दुसरं भीतीचं, तिसरं विरघळलेलं. “तिसरं ‘सोड’ हे ‘धर’सारखं ऐकू आलं पाहिजे,” असं ते सांगायचे. ताईंना ते असं काही जमायचं की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्टसुद्धा मान डोलवायचा. श्वास आधी घ्यायचा, शब्द त्यावर तरंगत सोडायचा, आणि शेवटचा ‘ड’ जवळजवळ गिळून टाकायचा. नवीन मुली त्यांच्याकडून ते शिकून जायच्या.

ताई तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. शेजारच्या घरात वर्षभरापूर्वी एक जोडपं राहायला आलं. बायको घरीच पडदे आणि उशांचे अभ्रे शिवायची. भिंतीपलीकडून शिलाई मशीनचा आवाज यायचा आणि तेवढीच सोबत वाटते, असं ताई म्हणायच्या. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला. बोलायला गोड, वागायला नम्र. ताईंचं जड सामान त्याने दोनदा वर आणून दिलं होतं आणि पाणीसुद्धा न पिता परत गेला होता. “असा जावई मिळायला नशीब लागतं,” असं ताई मला एकदा म्हणाल्याही होत्या.

तो दिवस त्यांच्या सुट्टीचा होता. दुपारी जेवून त्या आडव्या झाल्या. दोनला जुन्या मालिका पुन्हा लागतात. शेजारी टीव्ही सुरू झाला आणि एकदम मोठा झाला. भिंतीतून आधी माझा आवाज आला, “तू माझी आहेस, कळलं?” मग त्यांचा स्वतःचा. काहीतरी आपटलं. मग ‘सोड’, मग ‘सोड मला’, मग तिसरं ‘सोड’.

तिसरं त्यांना खटकलं. आवाज मध्येच चिरला होता. श्वास शब्दाच्या आधी यायला हवा, तो मागून आला होता आणि ‘ड’ तर भलताच टणक लागला होता. हे मास्तरांनी पास कसं केलं, असं त्यांच्या मनात आलं. त्या दिवशी आपला घसा बसलेला असणार, असं म्हणून त्यांनी कूस बदलली आणि त्यांना झोप लागली.

चारच्या सुमारास जिन्यात पावलं वाजली. दार उघडून पाहतात तो दोन माणसं स्ट्रेचर तिरकं करून उतरवत होती. त्यावर शेजारीण होती. तोंडावर टॉवेल धरलेला, टॉवेल लाल. नवरा मागून चपला हातात घेऊन उतरत होता. बाथरूममध्ये पाय घसरला, असं तो प्रत्येक मजल्यावर थांबून सांगत होता. जबडा मोडला होता, गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, आणि डोक्याला मागून मार होता. दुसऱ्या दिवसापर्यंत ती शुद्धीवर नव्हती.

त्या दुसऱ्या दिवशी ताई स्टुडिओत वेळेआधी आल्या. त्यांनी रेकॉर्डिस्टला त्या मालिकेचा तो भाग काढायला सांगितला. मी कोपऱ्यात गुळण्या करत होतो. त्यांनी हेडफोन लावला, डोळे मिटले आणि ऐकलं. परत लावायला सांगितलं, परत ऐकलं. रेकॉर्डिस्टने विचारलं, काही चुकलंय का. त्यांनी नाही अशी मान हलवली. हेडफोन माझ्या हातात दिला. मी ऐकलं. तिसरं ‘सोड’ अगदी मऊ होतं, लोण्यासारखं. एकही चूक नव्हती.

“मग काल मी ऐकलं ते कोणाचं होतं?” ताई म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी आदल्या दिवशीचं सगळं सांगितलं, एकेक शब्द सुटा करून, आणि शेवटी म्हणाल्या, “गुळणीबुवा, ती ओरडत होती आणि मी तिच्या आवाजातल्या चुका काढत झोपून गेले.”

माझ्या हातात पाण्याचा पेला होता, तो मी उगाच धरून उभा राहिलो.

पोलीस ठाण्यात जायचं त्यांनीच ठरवलं. मी सोबत गेलो. बाकी शेजाऱ्यांनी आधीच सांगून टाकलं होतं की टीव्हीच लागला होता, दुसरं काही नाही. टेबलापलीकडे एक बाई अधिकारी होत्या, थकलेल्या, पण ऐकून घेणाऱ्या. टीव्हीतला आवाज कोणता आणि खरा कोणता हे भिंतीपलीकडून कसं ओळखलं, असं त्यांनी विचारलं. ताई म्हणाल्या, “टीव्हीतला आवाज माझाच होता.” अधिकारी बाईंना ते नीट समजलं नाही. तेव्हा ताईंनी पदर सारखा केला, आणि बसल्या जागी, फार मोठ्याने नाही, त्यांनी आधी मालिकेतलं तिसरं ‘सोड’ म्हणून दाखवलं. मग त्या दुपारी ऐकलेलं.

खोलीत आणखी तिघं-चौघं होते. एकजण फोनवर बोलत होता, तो बोलायचा थांबला. अधिकारी बाईंनी पेन खाली ठेवलं. मी अठरा वर्षं ताईंच्या समोर उभा राहिलोय, पण असा आवाज त्यांच्या गळ्यातून मी कधी ऐकला नव्हता. कोणीतरी दुसरंच माणूस त्यांच्या तोंडून बोलून गेलं, असं वाटलं. थोड्या वेळाने बाईंनी जबाब लिहिला आणि वाचून दाखवला. ‘सदर महिला सोड, सोड, सोड असे तीन वेळा ओरडली.’ ताईंनी तो कागद हातात घेतला. “इथे तिन्ही सारखीच दिसतात,” एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

पुढच्या आठवड्यात चालू मालिकेचं काम होतं. बावन्नावा भाग. नायक नेहमीप्रमाणे मागून आला, मनगट धरलं. मी माझं वाक्य म्हटलं. ताईंचं पहिलं ‘सोड’ ठीक गेलं, दुसरं ठीक गेलं. तिसऱ्याला तोच आवाज आला, चिरलेला, श्वास मागे पडलेला. पडद्यावर नायिकेचा चेहरा लाजरा, हात सैल, मागे बासरी, आणि त्यावर तो आवाज. मास्तरांनी थांबवलं आणि प्रेमाने सांगितलं की ताई, जरा जास्त होतंय, तिला तो आवडतो आहे. ताईंनी मान डोलवली. परत तेच आलं. सात वेळा घेतलं, सातही वेळा तेच. त्या हट्ट करत नव्हत्या. मऊ काढायचा प्रयत्न करताना त्यांच्या मानेच्या शिरा ताणलेल्या मला दिसत होत्या. पण घशातून दुसरं काही निघतच नव्हतं. जणू ती शेजारीण तिथे ठाण मांडून बसली होती.

शेवटी मास्तर बाहेर जाऊन बसले. वाईट माणूस नाही तो. मला म्हणाले, “मी शाळेत असतो तर हे मुलांना दाखवलं असतं का? नसतं दाखवलं. मग इथे बसून काय शिकवतोय मी?” पण मालिका वेळेवर जायला हवी होती. दुसऱ्या दिवशी एका तरुण मुलीला बोलावलं. तिने पहिल्याच टेकला तिसरं ‘सोड’ छान मऊ काढलं. ताईंनीच शिकवलं होतं तिला. मीही उरलेले भाग पुरे केले. सांगायला लाज वाटते, पण केले. त्या मुलीच्या समोर उभा राहून “तू माझी आहेस” म्हणताना माझी नजर सारखी स्टुडिओच्या भिंतीकडे जायची.

शेजारीण वाचली. तीन महिन्यांनी, जबड्याच्या तारा काढल्यावर, तिने स्वतः तोंडाने जबाब दिला. ती तेव्हा तिच्या भावाकडे राहत होती. ताई तिला भेटायला निघाल्या आणि मलाही चला म्हणाल्या. एकटीने त्या दारात उभं राहायचं धैर्य नाही, असं म्हणाल्या. दार भावजयीने उघडलं. आत खिडकीपाशी ती बसली होती, मांडीवर कापड, हनुवटीखाली एक लांब व्रण. ताई पुढे गेल्या. मी उंबऱ्याशी थांबून नेहमीच्या सवयीने म्हटलं, “येऊ का आत?”

तिने दोन्ही हात वर नेऊन तोंड झाकलं. मांडीवरचं कापड खाली पडलं. माझ्याकडे तिने पाहिलंही नव्हतं. तिने फक्त आवाज ऐकला होता.

मी तसाच मागे फिरलो. जिन्याच्या पायरीवर तासभर बसून राहिलो. भावजयीने चहा आणून दिला, तेव्हा तोंडातून शब्द जाऊ नये म्हणून हात जोडूनच तिचे आभार मानले.

आत काय बोलणं झालं ते ताईंनी परत येताना सांगितलं. मारायच्या आधी तो टीव्ही मोठा करायचा. दुपारच्या सुट्टीत घरी यायचा, जेवायचा, हात पुसायचा आणि रिमोट उचलायचा. पडद्यावरच्या आवाजाच्या रेघा वाढायला लागल्या की ही आधी कापायची कात्री लपवायची, मग मशीनवरचं काम घडी करून ठेवायची, लोकांचं कापड खराब होऊ नये म्हणून. कधीकधी तो पडद्याकडे बोट दाखवून म्हणायचा, बघ, ती कशी शेवटी गप्प होते.

ताईंनी तिची माफी मागितली. मी ऐकत होते, भिंतीला लागूनच झोपले होते, असं सांगितलं. ती काही रागावली नाही. उलट म्हणाली, “माझी आईसुद्धा पलीकडे असती तरी तिला टीव्हीच वाटला असता.” निघताना तिने ताईंचा हात धरला आणि विचारलं की ती मालिका पुढे बघायची राहूनच गेली, शेवटी काय झालं त्यांचं?

“लग्न झालं,” ताई म्हणाल्या.

“आणि मग? मारतो तो अजून?”

“त्यापुढचं दाखवत नाहीत.”

तिने मान हलवली आणि पडलेलं कापड उचलून घेतलं.

खटला उभा राहिला. ताईंना दोनदा साक्षीला जावं लागलं. समोरच्या वकिलाने त्यांना विचारलं की आवाजाच्या नकला करणं हाच तुमचा धंदा ना? त्या हो म्हणाल्या. पण बायकोच ठाम उभी राहिली, डॉक्टरांचे कागद होते, त्याला शिक्षा झाली. शेजारचं घर आता दुसऱ्या कोणाकडे आहे. ताईंनी मालिका सोडल्या. प्राणी-पक्ष्यांच्या माहितीपटांना निवेदन देतात. मीही नायक सोडला. अंध मुलांसाठी पाठ्यपुस्तकं वाचून देतो, भूगोल आणि विज्ञान. पहिले काही दिवस वाचताना वाटायचं, ऐकणाऱ्यांत एखादी हा आवाज ओळखून दचकणारी असली तर?

ताईंना मात्र एक सवय लागली आहे. इमारतीत कुठेही बाईच्या ओरडण्याचा आवाज आला की त्या हातातलं टाकून निघतात आणि त्या दाराची बेल वाजवतात. लोक दार उघडून सांगतात की अहो, टीव्ही आहे. ताई म्हणतात, दाखवा. आत जाऊन पडदा स्वतः पाहिल्याशिवाय त्या हलत नाहीत. सुरुवातीला लोक वैतागले. पाठीमागे ‘डोकं फिरलंय’ म्हणू लागले. काहीजण हसतात. मला मात्र हसू येत नाही.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. दुपारचा चहा चालला होता. हत्तींच्या कळपाबद्दल त्या काही सांगत होत्या, तेवढ्यात वरच्या मजल्यावरून किंकाळी आली. ताई वाक्य अर्धं टाकून उठल्या. मी मागोमाग गेलो. वरच्या दारात एक म्हातारे गृहस्थ आले, हातात रिमोट. ताईंना पाहून काही न विचारता ते बाजूला झाले. आत टीव्हीवर कुठलासा नवा नायक कुठल्याशा नव्या मुलीला भिंतीशी धरून उभा होता. सोफ्यावर म्हातारी आजी पाय वर घेऊन बसली होती, शेंगदाणे सोलत. तिने ताईंना बसायला जागा करून दिली. ताई बसल्या नाहीत. उभ्यानेच त्यांनी तो प्रसंग खिडकीचा पडदा हलेपर्यंत पाहिला, मग ठीक आहे म्हणाल्या आणि आम्ही बाहेर पडलो.

मागे दार लागलं. आजोबांनी आवाज कमी केला असावा, कारण जिन्यात एकदम शांत झालं. मी दोन पायऱ्या उतरलो आणि वळून पाहिलं. ताई तिथेच होत्या, कठड्याला धरून, मान किंचित कलती करून. चला, चहा निवला असेल, असं मी म्हणणार होतो. पण म्हटलं नाही. मीही त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि कान दिला.