सरलाच्या मॅकवरची मराठी

श्रीरंगला कुणी दुःख सांगितलं की तो आधी त्याचं व्हर्जन विचारतो, असं मी एकदा सरलाला म्हणाले होते. ती पोट धरून हसली आणि लगेच ते नवऱ्याला, म्हणजे श्रीरंगलाच, सांगून मोकळीही झाली. तोही हसला. माणूस चांगला होता, आजही आहे. पण चांगल्या माणसांचाच कधी कधी फार राग येतो.

सरला ही माझी अमेरिकेतली, मिशिगनच्या ॲन आर्बरमधली पहिली मैत्रीण. ती नागपूरची, मी सोलापूरची. श्रीरंग दादरचा, जन्म सगळा सॉफ्टवेअरमध्ये गेलेला. त्यांना एकच मुलगी, सिया. ती तेव्हा शिकागोला कॉलेजात होती. २००६च्या उन्हाळ्यात सरलाचा कॅन्सर परत आला. डॉक्टर हिवाळ्याबद्दल बरंच बोलले आणि पुढच्या उन्हाळ्याबद्दल काहीच बोलले नाहीत. ते आम्हा सगळ्यांना कळलं.

सरलाने मग एक काम हाती घेतलं. सिया लहान असताना ती तिला झोपवताना चंपूताईच्या गोष्टी सांगायची. चंपूताई ही कॅनडाची हंसीण. इथे थंडी पडायला लागली की आकाशात हंसांचे थवे कलकलाट करत दक्षिणेकडे जातात ना, त्यातली ही एक. वाट चुकली आणि थेट नागपूरच्या फुटाळा तलावात उतरली. तिथे राहून वऱ्हाडी बोलायला शिकली. "काऊन बे, एवढं ऊन कोनी टाकून ठेवलं इथं?" असं सरला नाकातून, मान वेळावत म्हणायची, तेव्हा सिया गादीवर लोळायची आणि दाराशी उभी असलेली मीसुद्धा. या गोष्टी सियासाठी लिहून ठेवायच्या, एवढंच सरलाला हवं होतं. दुसरं काही तिने मागितलं नाही.

आता सियाला मराठी वाचता येत नव्हतं. मी रविवारी चर्चच्या तळघरात मुलांना मराठी शिकवायचे. सिया बाराखडीपर्यंत आली आणि पोहण्याच्या शर्यती सुरू झाल्यावर जी गेली ती गेली. बोललेलं सगळं कळायचं, उत्तर इंग्लिशमधून. मी सरलाला म्हटलंही, "अगं, तिला वाचता कुठे येतंय?" तर म्हणाली, "यासाठी तरी शिकेल." आजारी माणसाच्या आशेत चूक काढू नये.

सरला मराठी टायपिंगची परीक्षा पास झालेली. त्यांच्या बेसमेंटमध्ये विंडोजवर चालणारा एक जुना कॉम्प्युटर होता, आम्ही त्याला डबाच म्हणायचो, त्यात पुण्याहून आणलेला मराठी टायपिंगचा प्रोग्राम. टाइपरायटरवर जिथे जे अक्षर, तिथेच ते इथेही. डब्याच्या पाठीमागे एक बोटभर किल्ली खोचलेली असे. ती नसेल तर प्रोग्राम उघडत नसे. सरला खाली जाऊन बसायची आणि टकटक सुरू व्हायची. मी एकदा म्हटलं, "तू सांग, मी कागदावर उतरवून घेते." ती म्हणाली, "नको गं, मला बोटांतून सुचतं."

सप्टेंबरात डबा बंद पडला. आतली डिस्क तेवढी वाचली, म्हणून गोष्टी राहिल्या. सिया फोनवर म्हणाली, "Get Aai a Mac, Baba. It's light, she can use it in bed." कल्पना चांगलीच होती, कारण सरलाला आता बेसमेंटचे जिने चढवत नव्हते. श्रीरंगने पांढराशुभ्र मॅक आणला, तिच्या मांडीवर ठेवला आणि स्वतः खुर्ची ओढून कामाला लागला.

विंडोजमध्ये जे जे होतं त्याला मॅकमध्ये काय, हे त्याने एकेक करून शोधलं. फोटोंना हे, पत्त्यांना ते, टॅक्सला तिसरं. सगळं मिळालं. मराठी टायपिंग मिळेना. म्हणजे मॅकवर मराठी होती, पण अक्षरं सगळी भलत्याच जागी. सरलाची बोटं क शोधायला जायची आणि तिथे दुसरंच कुणी बसलेलं असायचं. घर बदलल्यावर अंधारात दिव्याच्या बटणासाठी जुन्याच भिंतीवर हात जातो, तसं तिचं झालं. दोन ओळी लिहून ती दमून डोळे मिटायची. जुन्या फाइली उघडल्या तर त्यात नुसती इंग्लिश अक्षरांची खिचडी.

"शुभाताई, डोन्ट वरी, सोल्यूशन निघेल," श्रीरंग मला म्हणाला.

मी म्हटलं, "श्रीरंग, कुणाचा तरी जुना विंडोजचा डबा विकत घ्या आणि पलंगापाशी मांडा."

"आता मागे कशाला जायचं? मॅकच्या आतच विंडोज चालवता येतं."

चालवलंही त्याने. मॅकच्या पोटात विंडोज, विंडोजच्या पोटात तो प्रोग्राम. पण किल्ली खोचायला मॅकला भोकच नव्हतं. मग जोडणीची एक वायर मागवली. ती आली, लागली, आणि प्रोग्रामने किल्ली ओळखली नाही. मग दुसरी वायर. पुण्याला फोन केला तर तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, "सर, मॅकसाठी नाही काढलं, डिमांडच नाही." मग श्रीरंग स्वतःच जुनी अक्षरं नव्यात फिरवणारा प्रोग्राम लिहायला बसला. जोडाक्षरं आली की तो प्रोग्राम कोसळायचा आणि हा पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. ऑफिसमधून रजा घेतलेली, ती शेजारच्या खोलीत कीबोर्डसमोर चालली होती.

मी मऊ भात घेऊन जायचे. सरलाच्या अंगात लिहायचं बळ राहिलं नव्हतं, पण जीभ शाबूत होती. एक घास खायची आणि चंपूताईला बोलतं करायची. रोज काहीतरी नवीन. मी हसून हसून चमचा खाली ठेवायचे. मध्येच ती भिंतीकडे बघून हाक मारायची, "अहो, या ना, बसा जरा."

"आलोच, हे एवढं इन्स्टॉल होऊ दे."

ती मला डोळा मारायची. "बघ, माझी सवत इन्स्टॉल होतेय."

जानेवारी संपता संपता तिचं बोलणं थांबलं. फेब्रुवारीत, बाहेर बर्फ पडत असताना, सरला गेली. तेव्हा श्रीरंग तिच्याजवळ होता, एवढं देवाने केलं.

मार्चमध्ये त्याचा फोन आला. सिया सुट्टीला आली होती. "शुभाताई, या. झालं." आवाजात विलक्षण उत्साह.

युनिव्हर्सिटीच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून त्याने विंडोजचा डबा आणला होता, मी सांगितला होता अगदी तसला. त्यात जुनी डिस्क घातली, किल्ली बसली, प्रोग्राम उघडला. पडद्यावर सरलाची मराठी, काना-मात्रेसकट. काही गोष्टी पूर्ण, शेवटची अर्धी. श्रीरंग परीक्षेत पास झालेल्या पोरासारखा आमच्याकडे बघत होता.

सियाने पडद्यावरच्या पहिल्या ओळीवर बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "Baba, I can't read this."

"अगं, मी वाचतो ना." त्याने चष्मा लावला आणि वाचायला लागला. बातम्या वाचाव्यात तसं. वऱ्हाडी त्याच्या तोंडात बसेना. "काऊन बे" तर असं म्हणाला, की जणू ते कुणाचं आडनावच आहे. सियाने थोडं ऐकलं आणि मान खाली घातली.

"मावशी," तिने मला विचारलं, "till when could she talk?"

"जानेवारीच्या शेवटापर्यंत. मला चंपूताईच्या गोष्टी सांगायची ना. नव्या नव्या."

"नव्या?"

"हो गं. रोज."

सियाने बाजूला पडलेला पांढरा मॅक उघडला. काहीतरी शोधलं. गिटारचं चित्र असलेला एक प्रोग्राम उघडला, त्यात एक लाल बटण. "It came with it, Baba. There's a mic right here. You press this and talk. That's all."

श्रीरंगने पडद्याजवळ वाकून बघितलं. "ते गाण्यांचं आहे ना?" तो म्हणाला. "मी पहिल्याच दिवशी बघितलं होतं. आपल्याला लागणार नाही म्हणून पडद्याच्या खालच्या चित्रांच्या ओळीतून काढून टाकलं."

ओरडावं, या माणसाचे खांदे धरून गदागदा हलवावं, असं मला वाटलं. पण त्याचा चेहरा पाहून हात उचलवेना. सिया ओरडली नाही. "I didn't think of it either," ती म्हणाली आणि डोळे पुसले. मग तिने लाल बटण दाबलं, मॅक त्याच्यासमोर सरकवला, आणि कितीतरी वर्षांनी बापाशी मराठीत बोलली. "वाचा, बाबा. तुमचा आवाज तरी राहू दे."

तो वाचत गेला. मध्ये थांबला, पाणी प्यायला, पुन्हा वाचायला लागला. शेवटच्या गोष्टीत चंपूताई परत मिशिगनला यायला निघते. निघण्याआधी तलावावरच्या सगळ्या बगळ्यांना जमवते आणि त्यांना म्हणते... तिथे ओळ संपली होती. खाली सगळं कोरं. सप्टेंबरात डबा बंद पडला तो तिथेच.

मॅकच्या पडद्यावर रेकॉर्डिंगची रेघ पुढे सरकतच होती. सियाने मॅक उचलून माझ्या मांडीवर ठेवला.

"मावशी, काय म्हणाली चंपूताई? तुला सांगितलं असेल ना आईने?"

सांगितलं होतं. नोव्हेंबरातली दुपार होती, खिडकीत ऊन होतं, आणि मी इतकी हसले होते की भात सांडला होता. चंपूताईने मान कशी वेळावली होती, तेही मला दिसत होतं. मी तोंड उघडलं. लाल बटणाकडे बघत बसले. तिचं ते वाक्य मात्र काही केल्या आठवेना.