दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद

शाल खांद्यावर पडली आणि मल्हारआबांना दरदरून घाम फुटला.

"टाळ्या वाजवा की! हात काय डेपोत जमा करून आलाय व्हय?" जोतीरामतात्या माइकवरून गरजले. सगळं मंगल कार्यालय हसलं, टाळ्या झाल्या.

निवृत्त चालक-वाहकांचा मेळावा वर्षातून एकदा बारामतीत भरे. तिथं सत्काराला फार मोठं कारण लागत नसे. नातीला दहावीत बरे गुण पडले, मोतीबिंदू नीट निघाला, एवढंही पुरे. पण फ्लेक्स मात्र आजवर कुणाचा लागला नव्हता. तो यंदा आबांचा लागला होता. मागं लाल मोटार, ढगांतून जाणारा घाट, आणि खाली हातभर अक्षरांत 'वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी घाट सर! दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद!' छापणाऱ्यानं आपल्या मनानंच आबांच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला होता. आबांना त्या फ्लेक्सवरच्या आबांचा हेवा वाटला. त्याला निदान कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नव्हतं.

कारण तो विक्रम आबांचा नव्हता. ज्या बाईचा होता ती, म्हणजे त्यांची सून उत्कर्षा, तिसऱ्या रांगेत बसून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.

आबांनी इंदापूर-बारामती रस्त्यावर एकतीस वर्षं एसटी चालवली, आणि तात्या त्यांचे वाहक. इंदापुरात भरला पेला हातात घेऊन चढलेला माणूस बारामतीला भरलाच पेला घेऊन उतरे, असं तात्या सांगत. वर चहा गरमच असे, असं आबा सांगत. निमगाव केतकीच्या बाजारादिवशी आबांचा हॉर्न ऐकू आला की शेळ्या आपणहून डाव्या अंगाला होत, आणि एका बोकडानं तर म्हणे मान हलवून 'जा पुढं' अशी खूणही केली होती. बोकडाचा मालक शपथेवर सांगायला तयार होता. तो आता हयात नाही, ही गोष्ट वेगळी.

गेल्या वर्षी आबांना लकव्याचा हलका झटका आला. जीव वाचला, पण डाव्या हाताची बोटं मंदावली, नजरही अधू झाली आणि लायसन काही पुढं वाढलं नाही. सणसरच्या घरापुढची जुनी मारुती ताडपत्रीखाली गेली. किल्ली तेवढी आबांच्या बंडीच्या खिशात राहिली. मुलगा ऋषिराज बापाकडून गाडी शिकायला एकदाच बसला होता. त्या दिवसापासून तो मोटारसायकलच वापरी.

"बोटं हलती ठेवा," डॉक्टर म्हणाले. म्हणून उत्कर्षानं आपल्या टॅबवर मोटारीचा एक खेळ घालून दिला आणि खेळणाऱ्याच्या नावाच्या जागी 'आबा' असं लिहून ठेवलं.

खेळ दिसायला सोपा होता. परदेशातला कुठलासा घाट, तेवीस वळणं, शर्यतीला दुसरं कुणी नाही, फक्त घड्याळ. दोन मिनिटं पंचेचाळीस सेकंदांच्या आत उतरलं की सोन्याचा बिल्ला. एकतीस वर्षांत गाडीला ओरखडाही न लागू दिलेला माणूस पहिल्या दुपारी चौदा वेळा दरीत गेला. दोन महिने घासल्यावर आबा दोन अठ्ठावन्नला पोचले, आणि तिथंच अडकले.

खेळात एक सोय होती. त्या टॅबवरची आजवरची सगळ्यात वेगवान फेरी एका पांढरट, आरपार दिसणाऱ्या गाडीच्या रूपानं आपल्या पुढं पळे. आबा आपलीच जुनी फेरी समजून तिचा पाठलाग करत. पण एका संध्याकाळी ती पांढरी गाडी दुसऱ्याच वळणावर त्यांना मागं टाकून निघून गेली.

"कंपनीनं कुणी तरबेज गडी धाडलाय," ते बायकोला म्हणाले.

"मग त्याचा बी च्या टाकू का?" छबूबाईंनी विचारलं.

पांढरी गाडी रोज आणखी चपळ होत गेली. अकराव्या वळणावर ती ब्रेक लावतच नसे. आधी बाहेरच्या कडेला जाई, श्वासभर थांबल्यासारखी करी, आणि मग आत वळे. आबा स्वतःचं खेळणं विसरून तिच्याकडं बघत बसत. ह्यो गडी शिकला तरी कुणाकडं, असं त्यांना वाटे.

मग एक दिवस तात्या आले आणि त्यांनी टॅब हातात घेतला. पहिल्या ओळीत लिहिलं होतं : आबा, २:४१. खाली सोन्याचा बिल्ला.

"आबा! अरं, सोनं मारलंस की!" तात्यांनी ती फेरी पुन्हा लावून बघितली. "बग, बग वळण कसं रुंद घेतंय. मागं लांबलचक गाडी असल्यासारखं. एकतीस वर्सं तुज्या मागं घंटी मारत उभा ऱ्हायलोय. तुजं वळण मला वळकू येत न्हाय व्हय?"

'न्हाय' म्हणायला आबांनी तोंड उघडलं. तेवढ्यात चहा आला. उघडलेल्या तोंडात चहा गेला आणि शब्द आतच राहिला. संध्याकाळपर्यंत तात्यांनी भवानीनगरपर्यंत वार्ता पोचवली होती.

मेळाव्याला चार दिवस उरले असताना आबांचा दुपारचा डोळा लागेना. पाणी प्यायला म्हणून ते स्वयंपाकघरात माठाशी आले, आणि मागच्या दारातून त्यांना उत्कर्षा दिसली. धुण्याच्या दगडावर बसली होती, टॅब मांडीवर, पदर खोचलेला. अंगठे काचेवर चालत होते, पण पायही चालत होते. डावा क्लच दाबत होता, उजवा ॲक्सिलरेटरवर होता. आणि वळण आलं की ती कंबरेतून अशी कलत होती, जशी जड गाडी पोटाशी धरून माणूस कलतो. जसे आबा कलत.

ही पोरगी निमगाव केतकीची. लग्नाआधी तीन वर्षं कॉलेजला आबांच्याच गाडीनं बारामतीला जाई, आणि जागा मोकळी असली तरी ड्रायव्हरच्या मागं जाळीला धरून उभी राहत असे. आबांनी आरशात रस्ता बघितला, पोरगी बघितली नाही. सून होऊन आल्यावर तिनं एकदाच विचारलं होतं, "आबा, मला गाडी शिकवता?" त्यावर आबा पारावर जाऊन सगळ्यांना सांगत सुटले होते, "आमच्या सूनबाईला मोटार शिकायचीया. म्हनलं, थांब, जात्याला गिअर बसवून देतो, त्याच्यावर शीक." पार हसून हसून लोळला होता. घरी आले तेव्हा ती जेवण वाढत होती. ते तिच्या कानावर गेलंय, हे भाकरी ताटात पडल्याच्या आवाजावरून त्यांना कळलं होतं.

आबा पाणी न पिताच मागं फिरले. चार दिवस होते. रोज सकाळी ते ठरवत, आज तात्याला सांगायचं. रोज संध्याकाळी तात्याच काहीतरी सांगत. फ्लेक्स झाला. शाल आणली. हॉल मिळाला.

आणि आता कार्यालयात मागून कुणीतरी ओरडलं, "नुसतं बोलू नका, चालवून दाखवा!"

"दाखवणार की!" तात्या म्हणाले. "सूनबाई, टॅब आणलाय न्हवं?"

आबा माइककडं एक पाऊल सरकले. आता सांगून टाकावं. एक वाक्य तर होतं. त्यांनी माइककडं बघितलं आणि माइक त्यांना त्या अकराव्या वळणासारखा दिसला.

उत्कर्षा उठली. "तात्या, आबांचा हात कालपास्नं लई दुखतोय. डॉक्टरांनी दोन दिस हलवू नका म्हणून सांगितलंय."

सगळीकडून हळहळ आली. कुणीतरी आबांना खुर्ची दिली, कुणी नारळ धरायला घेतला. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर आबांना बरं वाटलं असतं. ती फक्त टॅब पिशवीत ठेवत होती, नीट, सांडशी फळीवर ठेवावी तसा.

परतीच्या एसटीत उत्कर्षा शेजारी बसली होती. सणसर जवळ आलं.

"खोटं कशापायी बोललीस?" आबांनी खिडकीला विचारलं.

"पयल्याच वळणाला दरीत गेला असता तुमी. समद्यांम्होरं."

"मला ठावं हाय, हे तुला कवापास्नं ठावं हाय?"

"त्या दुपारी माठावरचं झाकण उघडंच टाकून गेलता तुमी."

म्हणजे चार दिवस ती वाट बघत होती. आबांनी शाल काढून नारळावर गुंडाळली. उतरेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. एसटीनं सणसरचं वळण फार आत घेतलं, तरी ते ड्रायव्हरला काही बोलले नाहीत.

सकाळी त्यांनी मारुतीवरची ताडपत्री ओढली. घरापुढं मोकळा माळ होता, मध्ये दोन बाभळी.

"उत्कर्षा."

ती हात पुसत आली. आबांनी किल्ली पुढं केली, पण बघत राहिले बाभळीकडं.

"लर्निंग काढलंय मी," ती हळूच म्हणाली. "दोन महिनं झालं."

"कुठं हाय?"

"मिसळणाच्या डब्याखाली."

आबांनी मान हलवली. सबंध घराला ठाऊक असावं, छबूबाईंना तर नक्कीच. दारामागून छबूबाई हे सगळं बघत होत्या आणि चुलीवर काहीतरी करपत होतं.

उत्कर्षा बसली, पण बुटकी. स्टेअरिंगवरून तिला माळ दिसेना. आबा आत गेले, शाल घेऊन आले, आणि तिची चौघडी करून सीटवर टाकली.

"आबा, सत्काराची हाय."

"व्हय. बस."

ती बसली. आबा गाडीला वळसा घालून डाव्या दाराशी आले. तेवढ्यात फाटकातून तात्या आले, हाताचं कसं आहे विचारायला.

"अरं, आबा? तू डाव्या अंगाला?"

आबांनी दाराला धरलं. "तात्या, ती फेरी हिची हाय. माजी न्हाय. माजी दोन अठ्ठावन."

तात्या उभेच राहिले. फ्लेक्स त्यांनीच हौसेनं करून घेतला होता. ते आबांकडं बघेनात. गाडीकडं बघत राहिले, सीटवरच्या शालीकडं बघत राहिले. आबा आत बसले आणि दार लागेना इतकं हळू ओढलं.

गाडी सुरू झाली, आचका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू झाली.

तात्यांनी मागं येऊन टपावर हात ठेवला. मग बोटाच्या पेरानं पत्र्यावर दोनदा वाजवलं. टण, टण. एकतीस वर्षं आबा त्याच आवाजावर गाडी सोडत आले होते.

गाडी निघाली. पहिली बाभळ जवळ आली तशी उत्कर्षा बाहेरच्या कडेला गेली, श्वासभर थांबली, आणि वळली. आबांचा उजवा पाय तिथं नसलेला ब्रेक दाबत होता.