सलिलची मान

सलिलने आधी रम घेतली आणि वर गांजा ओढला. एकाने चढलं की दुसऱ्याने उतरतं, असं त्याचं संशोधन होतं. गाईड कोणी नव्हता.

वर्गमित्र राजरत्नच्या मामाचा कोलशेतचा फ्लॅट रिकामा होता, बैठक तिथेच. झाडांना पाणी घालायला म्हणून चावी राजरत्नकडे. झाड एकच होतं, मनीप्लांट, आणि तेही मेलेलं.

थोड्या वेळात सलिल पांढरा पडला, घामाने गार झाला आणि सोफ्यावर गप्प बसून राहिला.

"सेटल झालाय," राजरत्न म्हणाला.

"अरे, हाक मारली तर ओ देत नाहीये," हेमांगी म्हणाली. वर्गातलीच. ती फक्त वेफर्स खायला आलेली.

"घरी तरी कुठे देतो?"

तेवढ्यात सलिलचा फोन वाजला. डोंबिवलीहून आई. काकू रोज दुपारी व्हिडिओ कॉल करायच्या. तोंड दिसलं नाही तर वर्गशिक्षकांना फोन करीन, अशी धमकी असायची. कॉलेजात वर्गशिक्षक नसतात हे त्यांना मान्य नव्हतं.

"ते राहू दे. ॲम्ब्युलन्स बोलव," हेमांगी म्हणाली.

"काकूंना कळलं तर मारून टाकतील त्याला."

हे हेमांगीला पटलं.

राजरत्नने सलिलला गॉगल लावला आणि सोफ्यामागे बसून, हुडीच्या टोपीत हात घालून त्याची मान धरली. हेमांगीने फोन समोर धरला.

"जेवलास?"

मान हलली.

"गॉगल कशाला?"

"डोळे आलेत त्याचे, काकू. घसापण बसलाय," हेमांगी फोनमागून म्हणाली.

"मग नुसतं ऐक. बाबांची नोकरी गेलीय रे. रोज डबा घेऊन निघतात आणि वाचनालयात बसून येतात. मला कळलंय हे त्यांना माहीत नाही. तू त्यांच्यावर चिडू नकोस. नाही ना चिडणार?"

मान आडवी हलली. राजरत्नने ती फार हळू हलवली.

"आज मध्येच तोडलं नाहीस," काकू म्हणाल्या. "किती दिवसांनी नीट बोललो आपण."

फोन बंद झाला. राजरत्नने हात काढला. सलिलचं डोकं छातीवर पडलं. ओठ निळे झालेले. घशात घरघर झाली, थांबली, बऱ्याच वेळाने पुन्हा झाली.

राजरत्नने सलिलच्याच फोनवरून काकूंना फोन लावला.

"काकू, मघाशी मान मी हलवत होतो."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"म्हणजे? तो कुठाय?"

"इथेच आहे. श्वास नीट येत नाहीये," राजरत्न म्हणाला. "काकू, तुम्ही रागावणार नसाल तर ॲम्ब्युलन्स बोलवू का?"