देव्हाऱ्यातला शब्दकोश

मित्रांनो, मी शब्दकोश आहे. जुना, जाडजूड, आणि गेली वीस वर्षं सुरतेत लिंबायतच्या एका खोलीत चक्क देव! हसू नका. मलाच शरम वाटते.

शालिग्राम नावाच्या लूम कामगाराने मला जळगावच्या रद्दीवाल्याकडून आणले. तो माणूस खरा! कारखान्यातून सुटला की मला मांडीवर घ्यायचा, शेजाऱ्यांचे अर्ज लिहिताना एकेक शब्द तपासायचा. त्याच्या बोटांचे तेलकट डाग अजून माझ्या पानांवर आहेत.

तो गेला आणि त्याच्या बायकोने, उषाबाईंनी, मला लाल फडक्यात बांधून देव्हाऱ्यात बसवले. रोज हळदकुंकू, दसऱ्याला झेंडू. उघडायचे मात्र नाव नाही! आत मला कसर कुरतडत होती आणि बाहेर ही बाई उदबत्ती ओवाळत होती. डोंबलाची भक्ती!

वर मिरवायची हौस. नातीच्या, म्हणजे कविताच्या, मराठी शाळेत जाऊन उषाबाई म्हणाल्या, “आमच्या घरी एवढा मोठा कोश शे!” वर्गाच्या बाईंनी लगेच कविताला ‘स्तोम’ शब्द दिला. अर्थ आणि मूळ कोशात पाहून दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचे.

संध्याकाळी कविताने माझी गाठ सोडली.

“तो देव शे, हात नको लावू!” उषाबाई ओरडल्या.

“मग उद्या वर्गात काय सांगू, आजी? फुशारकी तूच मारलीस ना!”

पान सापडले. कविता मोठ्याने वाचू लागली, “मूळ संस्कृत. स्तु म्हणजे स्तुती करणे. स्तोम म्हणजे देवाचे स्तुतिगीत. मराठीत...” पुढे भोक! मराठीतला अर्थ कसरीने फस्त केला होता. मला तो पाठ होता, पण सांगणार कसा? पोरीच्या डोळ्यांत पाणी आले.

तिने भोकाकडे पाहिले, मग कुंकवाने माखलेल्या फडक्याकडे. “वाचायचं नाही, नुसतं डोक्यावर घेऊन नाचायचं. स्तोम म्हणजे हेच असणार, आजी. मी वर्गात आपल्या घरचंच सांगते.”

शाब्बास! एखाद्या गोष्टीला नको इतके महत्त्व देणे, अगदी हाच अर्थ.

उषाबाईंचा चेहरा पडला. “तेस्नं पुस्तक मी वाया घालं,” नवऱ्याच्या आठवणीने एवढेच त्या पुटपुटल्या.

सकाळी त्यांनी मला ओट्यावर उन्हात ठेवले. मित्रांनो, पुस्तकांना मान नको, हात लावा. पाने चुरगळली तरी चालतील.

आणि उषाबाई? मला उन्हात ठेवून आत जाताना त्यांनी वाकून नमस्कार केला. काय करावे या बाईला!