एकोणिसावी पिन

शेवटच्या एलईडीची तार तिनं सोल्डर केली, फुंकर मारली आणि बटण दाबलं. बोटाएवढा मायक्रोकंट्रोलर, एक केबल आणि ओळीनं एकोणीस दिवे. व्हिडिओ पोर्टच्या प्रत्येक पिनेसाठी एक. आठवडाभर खपून केलेल्या या टेस्टरवर पहिला मान वृद्धाश्रमाच्या रेकॉर्डरचा होता. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारी ती पेटी महिन्याभरात तिसऱ्यांदा तिच्या दुरुस्तीच्या दुकानात आली होती. तक्रार तीच, पडद्यावर चित्र नाही.

अठरा दिवे लागले. एकोणिसावा लागेना. पडदा जोडलाय हे यंत्राला कळवणारी पिन तीच.

आधी दोनदा तिनं फारसं न बघता पोर्ट त्याच्या छोट्या पट्टीसकट बदलून दिला होता. आता झाकण उघडून तिनं भिंग धरलं. गंज नव्हता, जळल्याचा डाग नव्हता. पिनेमागची तांब्याची रेघ ब्लेडनं कापावी तशी सरळ तुटली होती. भिंग पदराला पुसून तिनं पुन्हा पाहिलं.

"झालं का?" वृद्धाश्रमाचे व्यवस्थापक दारात येऊन उभे होते.

"ही रेघ कुणीतरी कापलीय, साहेब."

"तिकडे हवा दमट असते हो."

"दमट हवेच्या हातात ब्लेड कुठून येणार?"

ते हसले, पण नजर पेटीवरून हलली नाही. "तुम्ही दुरुस्तीच्या कागदावर दमट हवा लिहा. आणि रेकॉर्डिंग सोमवारपासून बंद होतं, असंही लिहा."

मंगळवारी तिची मावशी तिथे न्हाणीत पडली होती. निदान फोनवर तसं सांगितलं होतं. आईच्या माघारी तिला लहानाचं मोठं करणारी मावशी. बुधवारी ती भेटायला गेली, तेव्हा मावशीच्या दोन्ही दंडांवर बोटं उमटलेली होती. कशी, असं विचारताच मावशीनं पदर दंडांवर ओढून घेतला होता.

"चित्र दिसलं नाही तरी रेकॉर्डिंग चालूच असतं," ती बोलून गेली. "रेघ जोडली की मंगळवारचं सगळं दिसेल."

बोलल्यावर तिनं जीभ चावली. व्यवस्थापकांनी एका झटक्यात केबल उपसली आणि पेटी काखोटीला मारली.

"राहू द्या. नवीनच घेतो." पायरीवरून ते वळले. "मावशींची काळजी करू नका. आमचं लक्ष आहे."

त्यांची गाडी कोपऱ्यावर वळली, पण वृद्धाश्रमाच्या उलट दिशेला. ती शटर ओढून मिळेल त्या वाहनानं निघाली.

मावशी पलंगाच्या कडेला बसली होती. मांडीवर कपड्यांची पिशवी.

"तू कशी आलीस? मला न्यायला इथली माणसं येताहेत ना."

"कुठे?"

"मागच्या खोलीत. आत्ताच साहेबांचा फोन आला म्हणे. तिकडे शांत असतं."

तिनं पिशवी उचलली आणि आधार द्यायला हात पुढे केला. मावशीनं अंग चोरलं. तेवढ्यात जिन्यावर बुटांचा आवाज झाला. दोघा जणांचा, सावकाश वर येणारा. मावशीनं आपणहून तिचं मनगट धरलं आणि बाहेरच्या जिन्याकडे उघडणाऱ्या दुसऱ्या दाराकडे मान हलवली.

"हळू चल हं," ती पुटपुटली. "मला पळता येत नाही गं."