चौदातल्या पाच कुठे गेल्या?

त्या सकाळी इस्लामपुरातल्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात, संगणकाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती; शाळेतला गुरुजी म्हणून मीही तिथे होतो. नवी वेबसाइट दुसऱ्या दिवशी सुरू व्हायची होती आणि प्रोग्रॅम बरोबर चालतो का हे तपासणाऱ्या तिच्या चाचण्या तीन दिवस लाल, म्हणजे नापास, येत होत्या. पडद्यावर एकच ओरड: अनडिफाइन्ड मेथड, म्हणजे सांगितलेली क्रिया इथे सापडत नाही.

वेबसाइटचं काम घेतलेल्या वीरधवलने कीबोर्डला हळद-कुंकू वाहिलं, लिंबू कापलं.

"यंत्राला नजर लागलीय! या पोरीच्या हाताला गुणच न्हाई. डोळं मिटा सगळ्यांनी. जो बघंल त्याची फाइल उडंल!"

त्याने एका हाताने पूजेची घंटा वाजवली. डोळे उघडले, तर पडदा हिरवागार!

"आवं गुरुजी, चमत्कारच की!" रेक्टर अंजनाबाईंनी माझ्याकडे वळून हात जोडले.

ती पोर म्हणजे सृष्टी, माण तालुक्यातल्या मेंढपाळाची लेक. कुणी कुणाची माहिती पाहायची, हे ठरवणारा भाग तिने लिहिला होता. जबरीचं लग्न टाळून आलेल्या दोन मुली इथे राहतात. त्यांचे फोन नंबर बाहेर जाता कामा नयेत. तेच काम वीरधवल आता तिच्याकडून काढून घेत होता.

ती रडली नाही. पडद्याकडे बघत मला म्हणाली, "गुरुजी, काल चौदा चाचण्या हुत्या. हिरव्या नऊच हायती. पाच कुटं गेल्या?"

"नजरेसंगं गेल्या गं!" वीरधवल हसला.

सृष्टीने बदलांची नोंद उघडली. घंटा वाजत होती त्याच मिनिटाला, वीरधवलच्या नावाने, पाच चाचण्यांपुढे 'वगळा' अशी खूण पडली होती.

सातवीत माझ्याच वर्गात या वीरधवलने नारळावर पाणी शिंपडून आग काढून दाखवली होती, आणि चमत्कार खोटा असतो हे सांगत लगेच शेंडीत दडवलेला, पाण्याने पेटणारा सोडियमचा तुकडाही. सगळ्यात मोठ्याने टाळ्या मीच वाजवल्या होत्या.

"तुला तर समदं ठाऊक हुतं रं," एवढंच मी म्हणालो.

"कारण सापडंना, गुरुजी. लोकांना हिरवं पायजे हुतं."

"म्हणून पोरीला दोष दिलास?"

त्याने 'वगळा'च्या पाचही खुणा पुसल्या, आणि पडदा पुन्हा लाल झाला.

मी सृष्टीकडे वळलो. "ती ओरड पुरी वाच बाळ. घाई नको."

तिने वाचलं. मग एकदम विचारलं, "अंजनाबाई, दारात कुणी आलं की काय इचारता?"

"कोण गं तू?"

"आन् दारात कुणीच नसंल तर?"

"मग इचारू कुणाला? भिताडाला?"

"तेच झालंय! चाचणीत मी कुणाचं लॉगिनच केलं न्हाई. प्रोग्रॅम रिकाम्या दाराला इचारतोय, तू रेक्टर हायस का? आमच्या वाडीवर नाव सांगून कुणी आत येत न्हाई, समदे वळखीचे. हितं बी मी नाव सांगायचंच इसरले."

तिने लॉगिनची एक ओळ घातली. चार चाचण्या हिरव्या झाल्या. पाचवी लालच राहिली, पण आता स्पष्ट बोलली: कोणत्याही पालकाला कोणत्याही मुलीचा नंबर दिसतो आहे.

"म्हंजे त्या दोघींचा नंबर घरच्यांना गावला असता!" अंजनाबाई म्हणाल्या. उद्घाटन आठवडाभर पुढे गेलं. सृष्टीने ती चूक शोधून दुरुस्त केली, तेव्हाच पाचवी हिरवी झाली.

मुलांनो, लाल अक्षरं म्हणजे अपशकुन नव्हे. ती काय सांगतात ते शेवटपर्यंत वाचा. आणि कुणी डोळे मिटायला सांगितलं, तर नेमके तेव्हाच उघडे ठेवा, सांगणारा कितीही जवळचा असो.

घंटा वाजली तेव्हा मीही डोळे मिटले होते. माझा विद्यार्थी होता ना तो.